कवेलूचा दुसरा तुकडा

सर, तुम्हाला जाऊन तेरा दिवस झाले तरी मला रडू आलेलं नव्हतं. तेरवीच्या दिवशी तुमच्या घरी काकूंनी सगळ्या बायकांसमोर विचारलंच, "काऊन वं शोभा, तुले रडू काऊन येऊन नाई राहिला?" मी म्हटलं, भात खाली लागतोय का बघून येते. अर्धा तालुका जेवायला आला होता आणि भाताकडे कोणाचं लक्ष नव्हतं, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं.

फोनवर तुमच्याबद्दल पुष्कळ लिहून आलं. मनमिळाऊ, शांत, मितभाषी. गोरेगावच्या कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी तुमच्याबरोबर बावीस वर्षं काढली, तुम्ही शिक्षक आणि मी परिचर. मितभाषी हा शब्द वाचून मला हसू आलं. मुर्रीला एसटीत बसलात की गोरेगाव येईपर्यंत शेजारच्या अनोळखी माणसाला तुम्ही जंतूंबद्दल सांगायचात. तो उठून उभा राहिला तर त्याच्या जागी बसेल त्याला. मी दोन सीट मागे बसायचे आणि ओळख दाखवायचे नाही. मुलं तुम्हाला जंतुसर म्हणायची, हे तुम्हाला माहीत होतं आणि आवडायचंही.

तुमचं सांगणं थोडक्यात असं होतं. उकळत्या झऱ्यात, मिठाच्या तळ्यात, बर्फाखाली, खडकाच्या पोटात, जिथे काही जगू नये तिथे जंतू जगतात. त्यातले काही तर वाईट दिवस आले की अंगाभोवती जाड कवच करून घेतात आणि पडून राहतात. खाणं नाही, पिणं नाही, वर्षानुवर्षं. दिवस पालटले की उठून कामाला लागतात. मंगळावर मोठी उल्का आदळली की तिथले दगड उडतात आणि त्यातले काही फिरत फिरत पृथ्वीवर येऊन पडतात, हे तर माणसांनी दगड हातात घेऊन पाहिलेलं आहे. मग अशा एखाद्या दगडाच्या भेगेत झोपलेला जीव का येऊ नये? कदाचित आपण सगळेच तिकडचे. एवढं बोलून तुम्ही छताकडे बघायचात, आणि मुलंही छताकडे बघायची. तिथे फक्त पंखा होता, तोही बहुतेक वेळा बंद.

आपला वादही जुनाच. काकूंच्या माहेरचं शेत इटियाडोह धरणाच्या कालव्यावर आहे. एका वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत तुम्ही मला तिकडे नेलं होतं. बांधावर बारीक जांभळ्या तुऱ्याचं गवत होतं, तुमच्या सासऱ्यांनी आधी कधी न पाहिलेलं. तुम्ही खूश झालात. "पाहा, कालव्यानं आणलं. बी वाहून आलं अन् इथं रुजलं. ग्रहांचंही असंच हाये."

"इथं कालव्यानं आणलं सर, पण इटियाडोहात कोणी आणलं?"

"त्याच्याही वरून आलं."

"अन् त्याच्या वर?"

"तुले समजून नाई राहिला," असं म्हणून तुम्ही बांधावरून पुढे निघून गेलात. मला समजत होतं. जीव मंगळावरून आला म्हटलं तरी तो मुळात झाला कसा हे सुटत नाही, प्रश्न फक्त दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवता येतो, एवढंच माझं म्हणणं. परतताना एसटीत तुम्ही म्हणालात, सुरू कुठे झाला ते राहू दे, आधी त्याला असा प्रवास झेपतो का तेवढं तरी बघू. तुमचं बरोबर होतं. पण ते मी त्या दिवशी कबूल केलं नाही, आणि नंतर कधीच केलं नाही.

"तेवढं तरी बघू" म्हणून तुम्ही तो प्रयोग काढला. आपल्या रस्त्यावरच्या उकड्या तांदळाच्या उसना मिलमध्ये धान गरम पाण्यात भिजवायच्या जुन्या टाक्या होत्या. हंगाम सुरू झाला की दोन-तीन दिवसांत त्यांचा आंबूस वास रस्त्यापर्यंत यायचा. बाकीचे लोक नाकाला रुमाल लावायचे आणि तुम्ही एसटीतून उतरून आत जायचात. हात बुडवता येणार नाही इतक्या कढत पाण्यात काहीतरी मजेत जगत होतं. तुम्ही टाकीच्या कडेचा पिवळट थर खरवडून आणला, पाण्यात कालवून छपरावरच्या एका कवेलूच्या तुकड्यावर त्याचा लेप दिला आणि तो तुकडा कॉलेजच्या गच्चीवर उघडा ठेवला. आख्खा उन्हाळा. आपल्याकडच्या मे महिन्यात गच्चीवर पाय ठेवता येत नाही. आकाशातून येणाऱ्या दगडाचे हाल याहून किती तरी वाईट होत असतील, हे तुम्हालाही ठाऊक होतं. पण कॉलेजकडे आकाश नव्हतं, गच्ची होती.

जूनच्या सुरुवातीला तुम्ही तो तुकडा खाली आणला आणि मधोमध फोडला. एक अर्धा लगेच तपासायचा. दुसरा वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात. मी विचारलं, "हा कायले ठेवता?" तुम्ही म्हणालात, "बियाण्याचं धान कोणी खाते का?"

यापुढचं मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

दोन बाटल्या भरायच्या होत्या. दोन्हीत तेच पाणी, पेजेवरची निवळ आणि उकडलेल्या हरभऱ्याचं पाणी, जंतूंचं जेवण म्हणून. एका बाटलीत कवेलूचा खरवडा टाकायचा, दुसरी कोरी ठेवायची. खरवड्याच्या बाटलीतलं पाणी गढुळलं आणि कोरी स्वच्छ राहिली, तर कवेलूवरचं काहीतरी जिवंत आहे. दोन्ही गढुळल्या तर पाण्यातच घाण होती आणि प्रयोग वाया. म्हणून खरवडा टाकायच्या आधी दोन्ही बाटल्या कुकरमध्ये नीट निर्जंतुक करायच्या. आपल्याकडे त्यासाठी स्वयंपाकाचाच कुकर होता. तुमचा नियम पक्का. पहिली शिट्टी झाली की आच कमी करायची आणि पुढे घड्याळ लावून वीस मिनिटं.

त्या दिवशी गोरेगावचा बाजार होता. बाजाराच्या दिवशी चारची एसटी चुकली की पुढच्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळत नाही. मी कुकर लावला, एकीकडे पिशवी भरली, आणि तीन शिट्ट्यांवर हीटर बंद केला. घरी भाताला तीन शिट्ट्या पुरतात. हाताने सवयीने तेच केलं. बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं, पण तेव्हा मी मनात म्हटलं, काय होतंय.

दुसऱ्या दिवशी तुम्ही खरवडा टाकलात. या जंतूंना उबेची नाही, चांगल्या उष्णतेची सवय, आणि तसं यंत्र कॉलेजकडे नव्हतं. म्हणून मिलच्या मिस्त्रीला सांगून तुम्ही दोन्ही बाटल्या तिथल्या बॉयलरजवळच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवल्या. ती भिंत चोवीस तास तापलेली. तिसऱ्या दिवशी तुम्ही नागपूरला गेला होता, म्हणून मी एकटीच बघायला गेले. दोन्ही बाटल्या गढूळ होत्या.

का ते मला उभ्या उभ्या कळलं. तुम्हीच शिकवलं होतं. कवच घालून पडलेले जंतू नुसत्या उकळण्याने मरत नाहीत. हरभऱ्यातले असे काही माझ्या तीन शिट्ट्यांमधून सुखरूप निघाले होते. काहीतरी तगलं होतं, सर, पण ते उन्हातून आलेलं नव्हतं, माझ्या कुकरमधून आलं होतं.

मी कोरी बाटली मिलच्या नालीत रिकामी केली. घरी जाऊन तेच पाणी पुन्हा बनवलं, घड्याळ लावून वीस मिनिटं कुकर ठेवला, आणि पहाटेच्या गाडीने येऊन नवी बाटली जुनीच्या जागी ठेवली. त्या वर्षी माझं नाव कायम करायच्या यादीत होतं आणि प्राचार्यांना माझ्या जागी त्यांच्या ओळखीचा माणूस हवा होता. शोभाने प्रयोग घालवला हे त्यांच्या कानावर जायला नको होतं. तुम्ही ते त्यांना सांगितलं नसतं हे आज कळतं. तेव्हा मी घाबरले होते. एवढंच कारण आहे, आणि ते पुरेसं नाही.

चौथ्या दिवशी तुम्ही आलात. दोन्ही बाटल्या उजेडासमोर धरल्या. एक गढूळ, एक स्वच्छ. मग मिस्त्रीला म्हणालात, "भाई, ये आसमान से हो के आया है." मिस्त्री म्हणाला, "अच्छा साहब," आणि कोळसा टाकायला गेला. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. मी खाली बघत होते. तुम्हाला वाटलं मलाही भरून आलंय, म्हणून तुम्ही माझ्या खांद्यावर थोपटलंत.

त्यानंतर अकरा वर्षं, प्रत्येक नव्या वर्गाला, तुम्ही तो प्रयोग सांगितला. शेवटी म्हणायचात, आणि हे सगळं या शोभाताईंच्या हातून झालेलं आहे. मुलं माझ्याकडे वळून बघायची. मी बाटल्या पुसत असायचे. तुमच्या ओळखीच्या एका प्राध्यापकाने सांगितलं होतं की एकदा झालेलं काही खरं धरत नाहीत, पुन्हा करा. तुम्ही दर उन्हाळ्यात म्हणायचात, यंदा करू. मी दर उन्हाळ्यात काहीतरी काढायचे. गच्चीला डांबर लावायचंय, कुकरचं रबर गेलंय. पुढे मिलवाल्याने जुन्या टाक्या फोडून स्टीलच्या बसवल्या आणि तो थरही गेला. उरला फक्त कपाटातला तुकडा, आणि त्याला तुम्ही हात लावू द्यायचा नाहीत. माझी सुटका झाली असं मला वाटलं होतं.

तेरवीनंतर चार दिवसांनी काकूंनी मला घरी बोलावलं. अंगणात बसून त्या लाखोरीच्या डाळीतले खडे वेचत होत्या. शेजारी तुमची वही होती. मुलांसाठी तुम्ही पुस्तक लिहीत होता हे मला माहीत होतं, पूर्ण झालंय हे नव्हतं. काकू ते छापून कॉलेजच्या मुलांना वाटणार होत्या. म्हणाल्या, "शेवटचा धडा तुमच्या त्या बाटलीचा हाये म्हणते. तू वाचून पाहा. छापणाऱ्याले महिन्याच्या आत द्याचा हाये."

मी वाचलं. तुम्ही फार चांगलं लिहिलं आहे, सर. बाजाराचा दिवस आहे, मिस्त्री आहे, मी आहे. "शोभाताईंनी काटेकोरपणे निर्जंतुक केलेल्या बाटल्या" असं आहे. वर्गात बोललेलं हवेत जातं. हे छापलं जाणार होतं, तुमच्या नावाने, तुम्ही नसताना. कोणी जाणकाराने वाचून उद्या विचारलं असतं तर उत्तर द्यायला तुम्ही नव्हता, आणि कोणी विचारलंच नसतं तर ते कायमचं खरं होऊन बसलं असतं.

मी काकूंना सगळं सांगितलं. शिट्ट्यांपासून नालीपर्यंत. त्या खडे वेचत राहिल्या. मला वाटलं, आता ही मला अंगणातून हाकलते.

"मंग तो कवेलूवरचा जित्ता होता का नोहोता?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"तुकडा हाये न एक अजून?"

"आहे. सर त्याला हात लावू द्यायचे नाहीत."

"आता कोण अडवून राहिला तुले? तपासून पाहा. जित्ता असन त धडा राहू दे. नसन त तसा लिही." मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "ते असते त तुले बोलले असते. दोन दिवस बोलले असते. तिसऱ्या दिवशी च्या मांगला असता. कायले अकरा वर्षं बसली तू ते घेऊन?"

मी डाळ वेचायला मदत केली आणि संध्याकाळच्या गाडीने घरी आले.

कपाटाची किल्ली अजून माझ्याकडेच असते. वर्तमानपत्र पिवळं पडलं होतं, त्यावर तुमच्या अक्षरात फक्त "राखीव" लिहिलेलं. मी पेजेची निवळ काढली, हरभरे उकडले. कुकर लावून समोर स्टूल घेऊन बसले. वीस मिनिटं झाल्यावर आणखी वीस ठेवला. दोन बाटल्या, कापसाचे नवे बोळे. खरवडा टाकताना तोंडाला पदर बांधला, श्वाससुद्धा जपून घेतला. मिलमध्ये तोच मिस्त्री आहे, केस पांढरे झालेत. त्याने न विचारता कोनाडा रिकामा करून दिला. म्हणाला, "साहब का काम है ना?"

तिसऱ्या दिवशी दोन्ही स्वच्छ. मला बरं वाटलं, कुकर नीट झाला होता. पाचव्या दिवशी दोन्ही स्वच्छ. मग मला बरं वाटेनासं झालं. सातव्या दिवशी मी खरवड्याची, म्हणजे तुमची बाटली उजेडासमोर धरली, तुम्ही धरली होती तशी तिरपी करून. तळाशी कवेलूचा लाल गाळ आणि वर पाणी, पाण्यासारखं पाणी.

कोनाड्यापासून स्टीलची टाकी दहा पावलांवर आहे, सर. वास तोच येतो. टाकी नवी असली तरी तिच्यात तसंच काहीतरी जगतं. काडीचं टोक त्या पाण्यात बुडवून बाटलीत टेकवलं असतं तर दोन दिवसांत काम झालं असतं. खरवड्याची गढूळ, कोरी स्वच्छ, धडा जसाच्या तसा. कोणालाही कळलं नसतं. असं करता येतं आणि पचतं, हे माझ्याइतकं कोणाला माहीत आहे? मी काडी हातात घेतलीसुद्धा. पहिल्या वेळी मी स्वतःसाठी केलं होतं, या वेळी तर तुमच्यासाठीच होतं. मी मनात हेही बोलून घेतलं की सरांना किती आनंद झाला असता.

तिथे मला रडू आलं. मिस्त्रीने फावडं खाली ठेवलं. "क्या हुआ मॅडम? कुछ उगा?"

"नहीं उगा, भैया."

"दो-चार दिन और रखो. साहब की चीज है, उगेगी."

काडी मी बॉयलरमध्ये टाकली.

यातून तुम्ही चुकीचे होतात असंही ठरत नाही. हा तुकडा एक उन्हाळा गच्चीवर आणि अकरा वर्षं कपाटात होता. त्या जूनमध्ये कवेलूवर काहीतरी जिवंत असेलही. ते विचारायची एक वेळ होती, ती मी नालीत ओतली. आता ते तुम्हाला कळणार नाही, मलाही नाही, आणि जगात कोणालाच नाही. नोकरी राहिली, पगार मिळाला, पोरीचं शिक्षण झालं. त्याबद्दल तुमचे आभार मानायला मला आता तोंड नाही, तरी मानते. मला आधी साधं सूक्ष्मदर्शक पुसता येत नव्हतं. बारीक बघायला तुम्ही शिकवलंत, आणि तुमच्या डोळ्यांसमोर मी तुम्हाला भलतंच दाखवलं. दोन्ही खरं आहे.

काल धडा छापायला दिला. तुमचं एक अक्षर बदललं नाही. त्याखाली माझ्या नावाने नऊ ओळी लिहिल्या, पहिल्या वेळी कोणी काय केलं, का केलं, आणि दुसऱ्या वेळी किती दिवस वाट बघितली, त्या. काकूंनी चष्मा लावून वाचल्या आणि म्हणाल्या, "आता बराबर हाये." कॉलेजात लोक बोलतील. बोलू देत.

कोरी बाटली धुऊन ठेवली. तुमची कोनाड्यातच आहे. नियमाने दहा दिवसांनी ती ओतून द्यायला हवी होती, पुढे वाट बघण्यात अर्थ नसतो हे मला कळतं. रोज सकाळी एसटी मिलपाशी थांबली की मी उतरते, आत जाते, बाटली उजेडासमोर धरते. आजही धरली. स्वच्छ आहे, सर.